सतरा नंबरचा फोन

चौतीस वर्षं एकाच हॉटेलात नोकरी केली, तरी तिथल्या निम्म्या लोकांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. मुख्य जिन्याच्या पोटात, तिरप्या छताखाली, एरवी जिथे केरसुण्या आणि लंगड्या खुर्च्या ठेवतात अशा खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता. त्या खोलीला खिडकी नव्हती. दार लावलं की आत ती, बोर्ड आणि डोक्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे पाय. पायांवरून तिला माणसं कळायची. मॅनेजर दोन-दोन पायऱ्या घ्यायचा, आचारी फक्त तक्रार घेऊनच वर जायचा, आणि तेही धपाधप.

हॉटेल बांधलं ते समुद्रापलीकडून आलेल्या साहेबलोकांनी, स्वतःच्या लोकांसाठी. दीडशे वर्षांपूर्वी लाकडाच्या व्यापारात गबर झालेल्या एका साहेबाला गावात उतरायला धड जागा मिळेना, म्हणून त्याने ही तीन मजली इमारत उठवली. उंच खांब, लांबलचक व्हरांडे, नाचाचं दालन, आणि पुढचं मोठं दार. त्या दारातून इथल्या माणसाने आत यायचं नाही, असा दंडक. नोकरांसाठी मागे लोखंडी गोल जिना होता. मधे लढाई आली तेव्हा नाचाच्या दालनात जखमी शिपायांच्या खाटा लागल्या. मग राज्य गेलं, साहेब बोटीत बसून गेले, आणि हॉटेल इथल्याच एका व्यापाऱ्याने घेतलं. पुढचं दार सगळ्यांना उघडं झालं. पण सवय कुठे जाते? नोकर आपले मागच्याच जिन्याने येत राहिले, आणि ती लागली तेव्हा तीही त्याच जिन्याने आली.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. वडील गेले होते, आई अंथरुणाला खिळलेली, आणि दादाचं नुकतंच लग्न झालेलं. बोर्डावर आधीपासून ज्या होत्या त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तिला तीन दिवसांत काम शिकवलं. खोलीतून कुणी फोन उचलला की त्या नंबरची छोटी झडप टपकन खाली पडते, तिथे वायर खोचायची, "बोला" म्हणायचं, मग हवी ती लाईन जोडून द्यायची. परगावचा ट्रंक कॉल असेल तर मधेच लाईन तुटू नये म्हणून कान द्यावा लागतो. चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी खरी गोष्ट शिकवली.

"कानावर पडेल ते कानातच मरू द्यायचं. आई विचारो, नवरा विचारो, मॅनेजर विचारो. आपण काय ऐकलं ते आपल्याबरोबर सरणावर जायचं. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली.

नवरा विचारण्याचा प्रश्न आलाच नाही. एक स्थळ आलं होतं, बरं होतं. मुलाच्या मावशीने चौकशी केली आणि म्हणाली, "मुलगी दिवसभर परक्या पुरुषांच्या कानात बोलते म्हणे." झालं. दुसरं स्थळ आलं तेव्हा आईचं दुखणं वाढलं होतं. तिसरं आलंच नाही. शेजारपाजारचे तिला हॅलोताई म्हणू लागले. दादाच्या मुलाने बोबडं बोलताना 'आत्या' म्हटलं, तेव्हा त्या एका शब्दावर तिने संसाराची सगळी हौस भागवून घेतली. आई गेली. दादाची बदली झाली, वहिनी आणि मुलगा त्याच्यासोबत गेले. दोन खोल्यांचं घर तिच्या एकटीच्या वाट्याला आलं.

अशा दिवसांत सतरा नंबरची ओळख झाली.

सतरा नंबरमध्ये एक म्हातारा साहेब राहत होता. बाकीचे गेले, हा राहिला. एका जहाज कंपनीत त्याची नोकरी होती, कंपनीने दुकान गुंडाळलं. मालकांच्या मुलांना त्याने आपली भाषा शिकवली होती, त्या उपकारापोटी मालकांनी त्याला हयातभर ती खोली दिली. तो खाली फारसा उतरत नसे, जेवण खोलीतच. एके दिवशी दुपारी चार वाजता सतरा नंबरची झडप पडली. तिने वायर खोचली.

"बोला, साहेब."

"बाई," तो इथलीच भाषा बोलला, मोडकीतोडकी पण प्रेमाने सांभाळलेली, "बाहेर काय आहे आज?"

"म्हणजे?"

"माझ्या खिडकीतून भिंत दिसते. फक्त भिंत. तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

खिडकी नाही म्हणून सांगायला हवं होतं. पण एक म्हातारा माणूस भिंतीकडे बघत बसलाय, आणि आपण त्याला सांगायचं की इथेही भिंतच आहे? तिला ते जमेना. "एक मिनिट हं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या लाईनवर फाटकातल्या दरवानाला फोन लावला.

"दरवानदादा, बाहेर काय दिसतंय?"

"काय दिसायचंय? रस्ता आहे," दरवान म्हणाला.

"रस्त्यावर काय आहे ते सांगा हो!"

"फुलवाली बसलीय. एक कुत्रं झोपलंय. सरकारी गाडी बंद पडलीय, चौघं ढकलतायत आणि आतला साहेब काही खाली उतरत नाही."

हे तिने सतरा नंबरला थोडं सजवून सांगितलं. पलीकडे तो इतका हसला की त्याला खोकला आला. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा झडप पडली.

ते अकरा वर्षं चाललं. दरवान सुरुवातीला वैतागला, मग त्यालाही गोडी लागली. साडेतीनपासूनच तो काही सांगण्यासारखं दिसतंय का म्हणून रस्ता धुंडाळायचा. फुलवालीच्या मुलीचं लग्न, समोरच्या शिंप्याने बदललेली पाटी, खांबावर चढलेलं मांजर आणि त्याला उतरवायला चढलेला पण स्वतःच अडकलेला माणूस. ती सगळं ऐकायची आणि वर पोचवायची. साहेब मधून मधून प्रश्न विचारायचा. "मांजर कुठल्या रंगाचं होतं?" मग पुन्हा दरवानाला फोन. एकदा दरवान रजेवर होता, बदली माणूस फोनच उचलेना. ती घाबरली आणि ठोकून दिलं, "पाऊस पडतोय, साहेब. लोक शिंप्याच्या पायरीवर उभे आहेत."

साहेब म्हणाला, "असं का? बरं झालं सांगितलंत. मी बाहेर जाणार होतो." तो कधीच बाहेर जात नसे, हे तिला आठवलं आणि हसू आलं.

ती स्वतःबद्दल फारसं बोलायची नाही. तरी एकदा त्याने विचारलं, "बाई, घरी कोण असतं?" ती म्हणाली, "भाचा असतो." खरं तर तो दादाकडे राहायचा आणि वर्षातून एकदाच यायचा. पण एवढं परक्या माणसाला कशाला समजावत बसायचं? आणि रिकामं घर तोंडाने कबूल करायची तिची तयारी नव्हती.

सातव्या वर्षी एकदा त्याने ट्रंक कॉल मागितला, त्याच्या देशाचा. लाईन मिळायला दोन दिवस लागले. पलीकडे त्याची बहीण होती. लाईन खरखरत होती म्हणून तिला कान देणं भाग होतं, आणि साहेबलोकांची भाषा तिला इतक्या वर्षांत चांगलीच येऊ लागली होती. साहेब म्हणाला, तब्येत बरी नसते, तिकडे येऊन राहावं म्हणतो. बहीण म्हणाली, घर लहान आहे, जिना फार उभा आहे, जावयाला आवडत नाही. "आणि इतकी वर्षं तू तिथे काढलीस. तुझी माणसं तिथेच नाहीत का?"

"हो," साहेब म्हणाला. "खरं आहे. माझी माणसं इथे आहेत."

वेळ संपली. तिने वायर काढली. दुसऱ्या दिवशी चार वाजता सतराची झडप पडली आणि नेहमीच्याच आवाजात त्याने विचारलं, "बाहेर काय आहे आज?" त्या दिवशी तिने दरवानाला तीनदा फोन केला आणि अर्धा तास बोलत राहिली. ऐकलेलं कुणाला सांगितलं नाही. रात्री घरी मात्र तिला जेवण गेलं नाही.

अकराव्या वर्षी, एका साध्यासुध्या मंगळवारी, चार वाजले आणि झडप पडली नाही. सव्वाचार झाले. तिने स्वतःच सतराला घंटा दिली. ती वाजत राहिली. मॅनेजरला सांगितलं, तो म्हणाला, "झोपले असतील हो. म्हातारं माणूस." तिने पुन्हा घंटा दिली. मग डोक्यावरचे हेडफोन काढून ठेवले, बोर्ड तसाच सोडला आणि मुख्य जिन्याने वर गेली. नोकरीत पहिल्यांदाच. जिन्यावर मऊ गालिचा होता. इतकी वर्षं खालून ज्याचा आवाज ऐकला, तो जिना वरून असा असतो होय, असं तिच्या मनात आलं आणि अशा वेळी असं मनात आल्याची तिला लाज वाटली.

खोल्या आवरणाऱ्या माणसाने किल्लीने दार उघडलं. साहेब खुर्चीत होता. कोट, बूट, भांग पाडलेला. दुपारच्या जेवणानंतर कधीतरी गेला असावा. तिने मनात त्याला उंच करून ठेवलं होतं. तो होता चिमणीएवढा. "डॉक्टरांना बोलवा," ती म्हणाली, आणि तो माणूस धावत खाली गेला.

मग तिने मान वर केली. खुर्ची खिडकीसमोर होती. दोन्ही दारं सताड उघडी, आणि खाली सगळा रस्ता अंथरल्यासारखा. फुलवाली, तिच्या टोपल्या, शिंप्याची पाटी, तो खांब. फाटकाशी स्टुलावर बसलेला दरवान, त्याचं टक्कलसुद्धा दिसत होतं, आणि त्याच्या शेजारी टांगलेला फोन. भिंत कुठेच नव्हती.

तिने खिडकीची कड धरली. म्हणजे त्याला सगळं दिसत होतं. गाडी ढकलणारे चौघं, मांजर, सगळं तिने सांगायच्या आधी त्याने पाहिलेलं असायचं. ती दरवानाला फोन करते तेही त्याला दिसत असणार. दरवान उठून मान वळवून वळवून रस्ता बघायचा तो याच खिडकीखाली. आणि ज्या दिवशी तिने पाऊस पाडला, त्या दिवशी हा लख्ख उन्हात बसून म्हणाला होता, बरं झालं सांगितलंत.

डॉक्टर येईपर्यंत ती तिथे उभी राहिली. रडली नाही. खाली बोर्डावर किती झडपा पडल्या असतील, हेच डोक्यात येत राहिलं.

मॅनेजरने बहिणीला कळवायला ट्रंक कॉल लावायला सांगितला. तिनेच लावला. बहिणीने विचारलं, "शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का?"

"हो, हो," मॅनेजर म्हणाला. "आम्ही सगळे होतो."

दफनभूमीत आचारी, दरवान, हॉटेलचा एक कारकून आणि ती, असे चौघंच गेले. ती जरा मागे उभी होती. आचारी मधून मधून तिच्याकडे बघत होता, साहेबाची कोण लागते म्हणून. खड्डा खणणारा घाईत माती लोटायला लागला, तशी ती म्हणाली, "जरा थांबा हो." आचारी गर्रकन वळला.

"अरे! तुम्ही बोर्डावरच्या!"

पंधरा वर्षं रोज तिने त्याला भाजीवाल्याची लाईन जोडून दिली होती.

पुढे काही वर्षांनी आपोआप चालणारी यंत्रं आली. बोर्ड उचलून गोदामात टाकला. तिला खोल्यांच्या नोंदणीच्या कामावर बसवलं, तिथे खिडकी होती. खिडकीतून बघायला वेळ नव्हता. छप्पन्नाव्या वर्षी निवृत्त झाली, निरोपाला कारकुनाने भाषणात तिचं पद चुकीचं सांगितलं आणि तिने ते दुरुस्त केलं नाही. दादा गेला. वहिनी मुलाकडे परदेशी गेली. भाचा रविवारी फोन करायचा, तोही "आत्या, जेवलीस ना?" इथपर्यंत. पलीकडच्याने फोन ठेवल्यावरही ती जरा वेळ रिसीव्हर कानाशी धरून बसायची. जुनी सवय, लाईन मोकळी झाली का बघायची.

ती एकाहत्तर वर्षांची असताना हॉटेलकडून एक मुलगी आली. हॉटेल आता एका मोठ्या कंपनीने घेतलं होतं, खांब धुऊन काढले होते, दाराशी 'वारसा' असं लिहिलेली पितळी पाटी लावली होती. दीडशे वर्षांचा इतिहास पुस्तकात छापायचा होता आणि ही मुलगी माहिती गोळा करत होती. गोड मुलगी. चपला बाहेर काढून आली, टेबलावर आवाज टिपायचं यंत्र ठेवलं.

तिने सांगायला सुरुवात केली आणि थांबेचना. मोठ्या बाई, त्यांनी सांगितलेल्या नाचाच्या दालनातल्या खाटांच्या गोष्टी, लोखंडी जिन्यावर पाय घसरून आयुष्यभर लंगडलेली धोबीण. किती महिन्यांनी कुणी समोर बसून ऐकत होतं! दोन वेळा चहा झाला. मग मुलगी म्हणाली, "मावशी, आता सतरा नंबरचं सांगा ना. ते साहेब मेमसाहेबांची वाट बघायचे ते."

"कुठल्या मेमसाहेब?"

"लग्न ठरलं होतं ना त्यांचं. ती बोटीने येणार होती, आलीच नाही. मग ते जन्मभर खिडकीत बसून राहिले. पाहुण्यांना फार आवडते ती गोष्ट. खोलीला नावच दिलंय आम्ही, प्रतीक्षा."

"वाट नव्हते हो बघत ते कुणाची."

मुलगी पुढे सरकली. "नक्की? तुम्हाला कसं माहीत? काही पुरावा असेल तर मी आमच्या साहेबांना सांगून बदलून घेईन. खरंच."

पुरावा होता. जिभेवर होता. बहिणीचे शब्द, जावई, उभा जिना, सगळं तिला काल ऐकल्यासारखं पाठ होतं. बहीण कधीच गेली असणार, जावईही. कुणाचं काय बिघडणार होतं? तिने यंत्रावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. समोर मोठ्या बाई उभ्या राहिल्या असं काही झालं नाही. फक्त तिला वाटलं, त्या माणसाला सख्ख्या बहिणीने दारातूनच परत पाठवलं होतं, आणि त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. ते आपण छापायला द्यायचं?

"पुरावा नाही," ती म्हणाली. "मी आपली रोज बोलायचे त्यांच्याशी, म्हणून म्हटलं."

"काय बोलायचात?"

"रस्त्यावरचं. काहीबाही."

मुलीने मान डोलावली आणि यंत्र बंद केलं. जाताना म्हणाली, "मी येईन हं परत." तिच्या मनात खरंच यायचं होतं, यात शंका नाही. पण मधे तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली. हे पुस्तकासोबत आलेल्या तिच्या चिठ्ठीवरून कळलं.

पुस्तक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. चौसष्टाव्या पानावर सतरा नंबरची खोली, खुर्ची, खिडकी आणि न आलेल्या मेमसाहेबांची गोष्ट. बोर्डाचा फोटोही होता. त्याच्यासमोर हेडफोन लावून कुणी सुंदर तरुण मुलगी बसवली होती, तीही वायर चुकीच्या हातात धरून. शेवटी आभारांत 'जुने कर्मचारी' एवढंच. तिने पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. तीन दिवस ती कुणाशी एक अक्षर बोलली नाही. बोलायला कुणी आलंही नाही.

चौथ्या दिवशी ती वाचनालयात गेली. हॉटेलने तिथेही एक प्रत दिली होती, ती कोपऱ्यातल्या फडताळात होती. तिने ती टेबलावर घेतली, चौसष्टावं पान काढलं, आणि पर्समधली पेन्सिल काढून समासात बारीक अक्षरांत लिहू लागली: 'हे साहेब कुणाची वाट बघत नव्हते. त्यांना बोलायला आवडत असे. रोज चार वाजता बोलत. हसत असत.'

"अहो बाई!" ग्रंथपाल चष्मा सावरत आला. पन्नाशीचा, कपाळाला आठ्या पडलेला माणूस. "वाचनालयाचं पुस्तक आहे ते. लिहायचं नसतं त्यात, ठाऊक नाही?"

"चुकीचं छापलंय."

"मग हॉटेलला कळवा."

"कळवलं. त्यांना हेच आवडतं."

तो वाकून समासातलं वाचू लागला. वाचायला जितका वेळ लागावा त्याहून जास्त वेळ वाकलेला राहिला.

"तुम्ही ओळखत होतात यांना?"

"एकदाच पाहिलं," ती म्हणाली. "बोलणं मात्र खूप व्हायचं."

ग्रंथपालाने दाराकडे पाहिलं. आत दुसरं कुणी नव्हतं. वर्तमानपत्र वाचणारा म्हाताराही निघून गेला होता.

"पेन्सिलच आहे ना? शाई नाही ना?"

"पेन्सिल आहे."

"आणखी कुठे चुकलंय?"

"बरंच आहे. धोबीण तर कुठेच नाही. मागचा जिनासुद्धा नाही, जणू आम्ही सगळे हवेतून आत यायचो."

तो आपल्या टेबलाशी परत गेला आणि खण धुंडाळू लागला. टोक काढायचं यंत्र घेऊन आला, तिच्या कोपराशी ठेवलं, आणि आपल्या कामाला लागला.

आता ती दर गुरुवारी जाते. पुस्तक जिथे ठेवलेलं असतं तिथेच आणि तसंच सापडतं. मधल्या काळात कुणी हात लावल्याची खूण तिला अजून दिसलेली नाही. ती एक पान घेते, दोन-चार ओळी लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. आजवर बावीस पानं झाली आहेत. सतरा नंबरच्या पानावर तिने पुन्हा काही लिहिलेलं नाही.